पडद्यातला पडदा आणि दीड मिलिमीटरचं बटण

लॅपटॉपच्या दुकानात ‘फोर के’ हा मंत्र कानावर पडला की गिऱ्हाइकाचा हात आपोआप खिशाकडे जातो. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल. साध्या फुल एचडी पडद्याच्या बरोब्बर चौपट. चौपट मिळतंय म्हटल्यावर ते कशासाठी हवंय हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पडदा मात्र होता तेवढाच राहतो, साडेपंधरा इंच आणि वर थोडासा. तेवढ्याच जागेत चौपट ठिपके कोंबायचे तर प्रत्येक ठिपका बारीक होणार, हे चौथीतलं गणित आहे. पण चौथीत असताना कुणाला चाळिशी लागलेली नसते.

नव्या सॉफ्टवेअरला हे गणित माहीत असतं. ते पडद्याची ऐपत विचारून घेतं आणि अक्षरं दुपटीनं, अडीचपटीनं मोठी काढतं. या मोठं करण्यालाच स्केलिंग म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरला मात्र हे कुणी कळवलेलंच नाही. आणि जुनं सॉफ्टवेअर सोडवत नाही अशी माणसं जगात कुठं असतील तर ती मराठी छपाईच्या धंद्यात आहेत.

आमच्या ओळखीत असे एक डीटीपीवाले काका आहेत. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एकसष्टीचे गौरवग्रंथ, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. आणि सगळं पेजमेकरमध्ये. हा पेजमेकर १९८५ साली ऑल्डस नावाच्या कंपनीत जन्मला, १९९४ साली कंपनीसकट अडोबीच्या घरी आला आणि २००१ साली त्याची सातवी आवृत्ती निघाली, ती शेवटची. शेवटची म्हणजे जगाच्या हिशेबानं. आपल्याकडे ती अजून चालू आवृत्ती आहे. त्याला कारणही तसंच आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठीचा प्रत्येक फाँट आपापला सवतासुभा सांभाळून होता. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फाँटशिवाय उघडला तर ‘सस्नेह निमंत्रण’च्या जागी इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि कंस यांची खिचडी दिसते. त्यामुळे वीस वर्षांच्या फायली हव्या असतील तर फाँट हवा, फाँट हवा तर पेजमेकर हवा, पेजमेकर हवा तर विंडोज एक्सपी हवी. आणि एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी रीतसर निरोप दिलेला आहे.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नव्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनंच एक खोटा संगणक उभा करायचा आणि त्यात एक्सपी बसवायची. कल्पना काही कालची नाही. आयबीएमनं आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० बाजारात आणली ती १९७२ साली. एका यंत्रावर प्रत्येकाला वाटायचं, हे अख्खं आपलंच आहे. तेव्हाच्या पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या ओळी असत, चित्रबित्र काही नाही, त्यामुळे स्केलिंगचा प्रश्न कुणाला पडला नाही. ते लोक सुखी होते, असा माझा तर्क आहे. यात बाहेरच्या संगणकाला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. एक्सपी हा गेस्ट २००१ सालच्या समजुती घेऊन येतो आणि २००१ सालचाच पडदा समोर आहे असं धरून चालतो. यजमानही भिडेखातर त्याला काही सांगत नाही.

काकांनी नवा फोर के लॅपटॉप घेतला, भाच्यानं त्यात व्हर्च्युअल मशीन घालून दिलं आणि तो बंगळुरूला निघून गेला. कुठलं सॉफ्टवेअर ते सांगत नाही, कारण या बाबतीत सगळी एकाच माळेतली आहेत. काकांनी एक्सपी सुरू केली. पडद्याच्या मधोमध एक निळी-हिरवी चौकट उगवली. काकांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला, मग ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढून चौकट मोजली. डीटीपीवाल्याचा डोळा फसला तरी पट्टी फसत नाही. ८०० गुणिले ६०० पिक्सेलांची ती एक्सपी भरली रुंदीला ७ सेंटिमीटर २ मिलिमीटर आणि उंचीला ५ सेंटिमीटर ४ मिलिमीटर. काकांनी खिशातलं एटीएम कार्ड तिच्यावर ठेवलं. उंची तंतोतंत जुळली आणि रुंदीत कार्डच वरचढ ठरलं. आतलं १६ पिक्सेलांचं चिन्ह दीड मिलिमीटरही भरेना. अशा चिन्हांची अख्खी पट्टी पेजमेकरच्या कपाळावर असते.

मग भाच्याला फोन गेला. हा फोन मी शेजारी बसून ऐकला, त्यामुळे त्याची सत्यता माझ्याकडे.

“मामा, खिडकीच्या वर मेनू दिसतोय का?”

“वर काहीतरी काळं आहे. मेनू आहे की धूळ ते पुसून सांगतो.”

“त्यात ‘व्ह्यू’ असं लिहिलेलं असेल बघा.”

“अरे, लिहिलेलं वाचता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?”

“बरं, असं करा, स्क्रीन शेअर करा मला.”

स्क्रीन शेअर करण्यात अर्धा तास गेला, तो मी इथं गाळतो. शेवटी बंगळुरूच्या ऑफिसातल्या सत्तावीस इंची मॉनिटरवर काकांचा पडदा उमटला. क्षणभर शांतता. मग तिकडून आवाज आला, “मामा, मला तर सगळं व्यवस्थित दिसतंय.”

यात भाच्याची काही चूक नव्हती. स्क्रीन शेअर करताना जातात ते पिक्सेल, मिलिमीटर जात नाहीत. त्याच्या मॉनिटरवर तोच ठिपका पावणेदोनपट मोठा होता. तक्रार करणाऱ्याचा पडदा लहान आणि तक्रार ऐकणाऱ्याचा मोठा, ही व्यवस्था फार जुनी आहे आणि ती फक्त संगणकापुरती नाही.

हा घोळ मुळात कुठून आला तेही बघायला हवं. १९८४ साली ॲपलनं मॅकिंटॉश काढला तेव्हा त्याच्या नऊ इंची पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके मावतील असा बेत ठेवला. छपाईत एका इंचाचे ७२ पॉइंट धरतात, म्हणजे बारा पॉइंटाचं अक्षर पडद्यावर बारा ठिपक्यांचं. कागद आणि पडदा यांचं माप एकच. हे इतकं सरळ होतं की टिकणं शक्यच नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं विचार केला की माणूस पडदा कागदापेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त लांबून बघतो, तेव्हा अक्षरं तेवढीच मोठी दाखवावीत. ७२ मध्ये एक-तृतीयांश मिळवले की ९६ होतात. तेव्हापासून विंडोजच्या लेखी इंच म्हणजे ९६ पिक्सेल, आणि शंभर टक्के म्हणजे हेच. खरोखरचा इंच कुणी विचारला नाही. काकांच्या लॅपटॉपवर एका इंचात २८२ पिक्सेल बसतात. एक्सपीला वाटतं आपण इंचभर चित्र काढलं, प्रत्यक्षात ते इंचाच्या जेमतेम एक-तृतीयांश.

२०१० सालच्या आयफोननं आणि २०१२ सालच्या रेटिना मॅकबुकनं या दाट पडद्यांची फॅशन आणली. ॲपलनं तेव्हा एक शहाणपण केलं. ठिपके रुंदीलाही दुप्पट केले आणि उंचीलाही, म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागी नवे चार. दुपटीत भांडण नसतं. भांडण असतं ते सव्वापटीत आणि दीडपटीत, आणि विंडोजच्या लॅपटॉपवाल्यांनी नेमके तेच आकडे उचलले. एका पिक्सेलची रेघ दीडपट केली तर दीड पिक्सेलची व्हायला हवी. अर्धा पिक्सेल जगात मिळत नाही. मग संगणक एक पिक्सेल काळा ठेवतो आणि शेजारचा करडा करतो. इंग्रजीत हे चष्म्यावर ढकलता येतं. देवनागरीत शिरोरेषा नावाची गोष्ट आहे. ती करडी होऊन खाली ओघळली की ‘भ’च्या डोक्यावरची मोकळी जागा बुजते आणि त्याचा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो. सहकारी बँकेच्या अहवालात ‘अर्ज भरा’ याऐवजी ‘अर्ज मरा’ वाचल्यावर मुद्रितशोधकानं जो आवाज काढला तो मी लिहून दाखवू शकत नाही. छापील प्रत ठीक होती, घोळ पडद्यापुरता होता. पण मुद्रितशोधक पडद्यावर वाचत होता.

आता खरा तिढा. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्केलिंग करणारे चार असतात. बाहेरची विंडोज एक, व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर दोन, आतली ऑपरेटिंग सिस्टीम तीन आणि आतला प्रोग्रॅम चार. या चौघांची आपसात ओळख नसते. एकत्र कुटुंबातल्या आमटीच्या मिठासारखी गत होते. मोठ्या जाऊबाई जाता जाता चिमूटभर टाकतात, धाकट्या येऊन आणखी टाकतात, सासूबाई चव न घेताच टाकतात. नाहीतर तिघीही ‘तिनं घातलं असेल’ म्हणून पुढं जातात. पहिल्या प्रकारात बाहेरच्याचे दोनशे टक्के आणि आतल्याचे दोनशे टक्के मिळून चारशे टक्के होतात आणि ‘ओके’चं बटण अख्ख्या पडद्यावर पसरतं. दुसऱ्या प्रकारात काकांची एक्सपी एटीएम कार्डात मावते. तक्रार नोंदवायला गेलं तर चौघेही सांगतात, आमच्याकडे सगळं शंभर टक्के आहे. आणि ते खरंच बोलत असतात.

म्हणून दुरुस्तीचं सूत्र एकच. मीठ कुणी घालायचं ते आधी ठरवा आणि बाकीच्या तिघांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

ते काम ज्याला नीट जमतं त्याच्याकडे द्यायचं. आत विंडोज दहा किंवा अकरा असेल तर काम सोपं आहे. तिला पूर्ण ३८४० गुणिले २१६० चा पडदा देऊन टाका आणि तिच्याच सेटिंगमध्ये दोनशे किंवा अडीचशे टक्के करा. बाहेरच्यांनी शंभरावर गप्प बसायचं. अक्षरं कोरीव येतात, कारण ती आतच मोठ्या मापानं काढलेली असतात. पण हा पूर्ण पडदा आतल्याला मिळण्यासाठी आत एक मदतनीस बसवावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याचं नाव ‘गेस्ट ॲडिशन्स’, व्हीएमवेअरमध्ये ‘व्हीएमवेअर टूल्स’. तो नसला की पडद्याचं माप आपोआप बदलण्याची सोय मेनूत फिकट होऊन पडून राहते आणि दाबली तरी ढिम्म हलत नाही. बसवण्याची रीत अशी, की ज्या लॅपटॉपला सीडीची खोबणच नाही त्यात नसलेली सीडी नसलेल्या ड्राइव्हमध्ये घालायची, मग आत जाऊन ‘माय कॉम्प्युटर’ उघडायचं आणि सीडीवर डबल क्लिक करायचं. हे सगळं अर्थात त्या एटीएम कार्डातच, कारण मोठं दिसण्याचा उपाय मोठं दिसायच्या आधी करावा लागतो. काकांनी यासाठी भिंग वापरलं. गरजूंना सांगून ठेवतो, विंडोजमध्येही भिंग आहे. विंडोजचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अख्खा पडदा मोठा होतो. फुकट आहे, आणि इतकं सोपं आहे की कुणी सांगत नाही.

मदतनीस बसूनही पडदा मोठा होईना, तर व्हिडिओ मेमरी बघावी. एका पिक्सेलला चार बाइट लागतात. फोर के पडद्याचा हिशेब सुमारे ३२ एमबी होतो, आणि जुन्या मशीनला कुणीतरी १६ एमबी देऊन ठेवलेली असते. सोळात बत्तीस कसे बसणार? मशीन बंद करून हा आकडा वाढवता येतो. नुसतं झोपवून नाही, बंद करून.

आत एक्सपी असेल तर मात्र आतल्याच्या हाती काम देऊन चालत नाही. तिच्याकडेही अक्षरं मोठी करायची सोय आहे म्हणा. ९६ च्या जागी १२० हा तयार पर्याय मिळतो. म्हणजे सव्वापट. ज्याला तिप्पट हवंय त्याला सव्वापट देऊन वर रिस्टार्ट करायला लावायचं, ही त्या काळची विनोदबुद्धी होती. शिवाय त्या काळचे बरेच प्रोग्रॅम ९६ हा आकडा वेदवाक्य मानून लिहिलेले. अक्षरं फुगतात, चौकट तेवढीच राहते, आणि खालची ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ ही बटणं चौकटीबाहेर जाऊन कायमची अदृश्य होतात. अशा वेळी एंटर दाबून देवावर हवाला ठेवतात.

तेव्हा एक्सपीच्या आमटीत मीठ घालायचं ते मधल्यानं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरनं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्प्लेच्या सेटिंगखाली स्केल फॅक्टर असतो, तो सरळ दोनशे टक्के करायचा. दीडशे नाही, एकशे पंच्याहत्तर नाही. दुपटीचं कारण वर आलंच आहे, ठिपक्याच्या जागी बरोबर चार ठिपके बसतात. बाहेरच्या विंडोजमध्येही एक जागा आहे. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘कम्पॅटिबिलिटी’त जा, ‘हाय डीपीआय’चं बटण दाबा, आणि तिथं स्केलिंग कुणी करायचं असा थेट प्रश्न विचारलेला आढळेल. पर्याय तीन: ॲप्लिकेशन, सिस्टीम, आणि सिस्टीम (एनहान्स्ड). तिसरा २०१७ साली आला आणि नावाला भुलून सगळे तोच निवडतात. तो जुन्या प्रोग्रॅमची अक्षरं नव्यानं काढून कोरीव करतो हे खरं, पण व्हर्च्युअल मशीनच्या आतली अक्षरं बाहेरच्या विंडोजच्या लेखी अक्षरं नसतातच. तिला ते एक चित्र दिसतं. चित्राला एनहान्स करून काय होणार? इथं ‘ॲप्लिकेशन’ निवडावं आणि विंडोजला विश्रांती द्यावी.

एक धोक्याची सूचना. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्केल्ड मोड’ नावाचा प्रकार आहे. खिडकी ओढाल तेवढं आतलं चित्र ताणलं जातं. बघायला छान, पण त्यात शिरल्याबरोबर वरचा मेनू नाहीसा होतो आणि ज्या मेनूतून आत आलो तो मेनूच नसल्यामुळे बाहेर पडता येत नाही. बाहेर यायला होस्ट की आणि सी. होस्ट की म्हणजे मुळात ठरवून दिलेलं उजवीकडचं कंट्रोल. आता आपल्या लॅपटॉपवर उजवीकडे कंट्रोल आहे का ते बघा. कित्येक लॅपटॉपवर नसतं. २०२४ पासून त्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचं बटण बसवायची टूम निघाली आहे. बाहेर पडायचं बटण काढून सल्ला देणारं बटण बसवलं, यावर मी वेगळं काही लिहीत नाही. सेटिंगमध्ये होस्ट की बदलता येते. ती आत शिरण्यापूर्वी बदलावी.

माउसचाही एक घोळ आहे. स्केलिंग जुळलं नसलं की बाण एकीकडे दिसतो आणि क्लिक दुसरीकडे लागतं. वर डाव्या कोपऱ्यात फरक शून्य असतो, उजवीकडे खाली जाल तसा वाढत जातो. ‘सेव्ह’ दाबायला गेलेला माणूस ‘क्लोज’ दाबून बसतो आणि मग संगणकाला व्हायरस लागल्याचं जाहीर करतो. व्हायरस वगैरे नसतो. मदतनीस नव्यानं बसवून मशीन पुन्हा सुरू केलं की बाण बहुधा ताळ्यावर येतो.

लिनक्सवाल्यांचं वेगळं प्रकरण आहे आणि ते त्यांनीच लिहावं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट करण्याचे तीन मार्ग असतात आणि तिघांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. एवढं सांगतो की ग्नोम डेस्कटॉपमध्ये बरीच वर्षं एकतर शंभर टक्के नाहीतर दोनशे. सव्वा-दीडपटीची सोय २०१९ साली आली, तीही प्रायोगिक म्हणून आणि लपवून. मला हा कंजूषपणा आता शहाणपणाचा वाटू लागला आहे.

काकांच्या बाबतीत निकाल असा लागला. भाच्यानं बाहेरचं सगळं शंभरावर आणलं, आतल्या एक्सपीला १०२४ गुणिले ७६८ चा पडदा दिला आणि मधल्याला दोनशे टक्के. पेजमेकर उघडला. टूलबॉक्स दिसला, शिरोरेषा काळी दिसली, ‘भ’ हा ‘भ’ राहिला. काकांनी पुन्हा पट्टी काढली. रुंदी साडेअठरा सेंटिमीटर, उंची चौदाच्या जरा आत, आणि तिरकं मोजलं तर नऊ इंच. म्हणजे चौपट पिक्सेलांचे चौपट नाही तरी बरेच पैसे मोजून पेजमेकरला मिळाला तो १९८५ साली ज्या मॅकिंटॉशवर तो जन्मला त्याच मापाचा पडदा. काकांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्या वेळेला वीज तरी कमी जात असेल,” आणि अंकाची पानं लावायला बसले.

ज्यांच्या कपाटात अशा जुन्या फायली आहेत त्यांना एक विनंती आहे. ज्या दिवशी पडदा नीट दिसेल त्याच दिवशी बाकी सगळी कामं बाजूला ठेवून प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, फाँट आत बसवून. पीडीएफ कुठल्याही संगणकावर कंट्रोल आणि अधिक दाबून हवी तेवढी मोठी करता येते, आणि त्यासाठी डावीकडचं कंट्रोलही चालतं.